भरल्या गाडीचा आवाज

गाडीच्या आवाजावरून आम्ही एका गुन्ह्याचा छडा लावला, असं सांगितलं की आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर हशा पिकतो. पिकू दे. निवृत्तीनंतर मोठमोठी प्रकरणं धूसर झाली, हे लहानसं मात्र तपशिलासकट डोक्यात बसलं आहे. नाव कुणाचंच घेणार नाही. ती माणसं याच भागात राहतात आणि सुखाने राहोत.

मी तेव्हा पनवेलजवळच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत निम्मी गावं, निम्मे टॉवर, आणि मधून रात्रंदिवस न्हावा शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर. जमिनी गेल्या, मोबदला आला आणि घराघरांपुढे पांढऱ्या, उंच, महागड्या गाड्या उभ्या राहिल्या. आमची सरकारी जीप कुणी ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. अशा जीपमधून उतरून असल्या गाड्यांना हात दाखवायचा, म्हणजे पोलिसाला जरा छाती पुढे काढावीच लागते.

एका संध्याकाळी दिवस मावळताना मिठागराच्या बांधावरच्या अरुंद रस्त्यावर एका कोळीणमावशीला गाडीने उडवलं. ती करंजा बंदरावरून मासळी आणून गावांत विकायची. रिकामी पाटी घेऊन परत निघाली होती. मांडीचं हाड मोडलं. गाडी पुढे जाऊन थांबली, मागे आली, त्या चिंचोळ्या जागेत पुढे-मागे करत वळली आणि आल्या वाटेने पळाली. खाली कुणी उतरलं नाही. त्या रस्त्यावर कॅमेरा नव्हता.

मी स्वतः रुग्णालयात जबाब घ्यायला गेलो. मावशी वेदनेत होती, पण शुद्धीवर होती.

"गारी पांढरी व्हती, सायेब. मानूस नाय दिसला, काचा काल्या. पन आवाज करायची."

"कसला आवाज?"

"वलली तवा कट्-कट्, कट्-कट्, आनि मंग धाप्. दोनदा वलली, दोन्ही टायमाला." मग डोळे पुसत म्हणाली, "मी वराडले, पन कोन उतरला नाय."

हवालदाराने आवाज जसाच्या तसा लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर आली. शेजारच्या एका गावात लग्नघराच्या मांडवामागे पांढरी गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवली आहे, पुढचा दिवा फुटला आहे. आम्ही निघणार, तेवढ्यात त्या घरचा ड्रायव्हर किल्ली घेऊन ठाण्यात हजर झाला. खबर आमच्याकडे येते तशी आमच्याकडून जातेही. यात नवल करण्यासारखं काही नाही.

ड्रायव्हर तिशीतला, जालन्याकडचा. बायको-मुलीसह मालकाच्या घरामागच्या खोलीत राहायचा. बायको त्याच घरात स्वयंपाकाला मदत करायची.

"मीच होतो साहेब, एकटाच. बर्फ आणायला निघालो होतो. मावशी एकदम आडवी आली. घाबरलो, पळालो."

मी त्याला तेच पुन्हा विचारलं, मग शेवटाकडून सुरुवातीकडे विचारलं. खरं सांगणारा माणूस अडखळतो, "नाही नाही, त्याच्या आधी" असं म्हणून मागे जातो. हा कुठेच अडखळला नाही. पण तेवढ्यावर कुणाला खोटं ठरवता येत नाही, आणि खोटी कबुली देऊन ह्याला काय मिळणार होतं? कलमं जामीनपात्र होती, त्या दिवशी तो सुटला असता. पुढे मात्र जखमी बाईला टाकून पळाल्याचा खटला, कदाचित तुरुंग, आणि लायसन्स गेलं की हातातलं एकुलतं एक काम गेलं. बाहेर बाकावर त्याची बायको मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. तिने एकदाही आत डोकावून पाहिलं नाही, हे मला खटकलं.

गाडी जप्त केली, पंचनामा झाला. मोबाइलच्या टॉवरचा उपयोग नव्हता, कारण गाव आणि तो बांध एकाच टॉवरखाली येत होते. राहिला आवाज. पोलिसाला दिलेली कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही. मावशीच्या जबाबात आवाज आहे आणि गाडी आवाज करत नाही, असं झालं तर बचावाचा वकील म्हणणार, ही ती गाडीच नव्हे. मी कागद नीट करायला निघालो होतो, यापेक्षा मोठा विचार माझ्या मनात तेव्हा नव्हता.

आरटीओचे मोटार वाहन निरीक्षक दुपारीच आले. सज्जन आणि चिकाटीचे गृहस्थ. जवळच्या मोकळ्या मैदानात त्यांनी गाडी पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, मागे-पुढे अशी सगळीकडून फिरवली. मी बाहेर कान लावून उभा होतो. गाडी वळताना नुसती सळसळली.

"वळताना सारखी कटकट आली तर बहुधा पुढच्या अ‍ॅक्सलचा जॉइंट," ते मला समजावत होते. "एकदाच धाप् वाजलं तर सस्पेन्शनमध्ये काहीतरी सैल. इथे दोन्ही नाही. बाईंना मार लागला होता, साहेब. भास झाला असेल."

मी मान हलवली. वैताग आला होता.

परतताना आमची जीप नेहमीप्रमाणे रुसली. ठाण्यात बंदोबस्ताची हजेरी होती, म्हणून सगळे त्या जप्त गाडीतूनच निघालो. नियमाने हे बसत नाही, पण असल्या गाडीत बसायची संधी कुठला शिपाई सोडतो? आमचा चालक स्टिअरिंगवर, शेजारी निरीक्षक, मधल्या रांगेत मी, कबुली देणारा तो ड्रायव्हर आणि एक हवालदार. अगदी मागे दोन दांडगे शिपाई गुडघे पोटाशी घेऊन बसले होते आणि थंड हवा कुठून येते याची चर्चा करत होते.

ठाण्याचं फाटक अरुंद. तिथे जवळजवळ जागेवरच वळावं लागतं. चालकाने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि मागून आवाज आला. कट्-कट्. कट्-कट्. धाप्.

ड्रायव्हरच्या तोंडून पटकन निघून गेलं, "मागं इतके जण नका ना बसू! सगळे बसले की वाजती ती."

आमच्या चालकाने ब्रेक दाबला.

निरीक्षकांनी तिथेच खाली वाकून पाहिलं. मग शिपायांना आत-बाहेर करायला लावून गाडी पुन्हा पुन्हा वळवली. रिकामी गाडी मुकी, भरलेली बोलकी. मागच्या चाकाजवळचा स्टॅबिलायझरचा दांडा, म्हणजे वळताना गाडी एका अंगाला कलू नये म्हणून असतो तो, त्याचा सांधा झिजला होता. वजन आलं आणि गाडी कलली की तो आदळायचा. आम्ही पंच बोलावले, व्हिडिओ काढला आणि रीतसर पंचनामा केला. भरल्या गाडीत नमुन्यादाखल बसलेले इसम म्हणून त्यात शिपायांची नावं घातली. इतक्या अभिमानाने त्यांनी कधी सही केली नसेल.

मी ड्रायव्हरला समोर बसवलं, चहा मागवला.

"काल गाडी भरलेली होती. कोण होतं?"

"मी एकटाच होतो साहेब."

"चालवत कोण होतं?"

"मीच."

त्याचा आवाज फुटला, पण नाव फुटलं नाही. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कणव आली. ज्याच्या छपराखाली मुलगी झोपते, त्याचं नाव घ्यायचं कसं, हा त्याचा प्रश्न होता. मी तो सोडवू शकत नव्हतो.

पण त्याने सांगायची गरजही उरली नव्हती. आदल्या दिवशी त्या घरी हळद होती. या भागात इतकी वर्षं नोकरी केल्यावर एक गोष्ट मला माहीत होती. म्हणून मी उठलो आणि लग्नघरी गेलो.

मांडवात धवलारीण लग्नाची गाणी, धवले, म्हणत होती. संध्याकाळचं लग्न, वऱ्हाड निघायच्या तयारीत. नवरदेवाचे वडील, गावात त्यांना सगळे शेठ म्हणायचे, पुढे आले.

"सायेब, डायवर आलाय ना तुमच्याकरं? मंग आज कशाला?"

"एकच प्रश्न आहे. काल हळद लागल्यावर नवरदेव कुठे गेला होता?"

उत्तर त्याच्या आईने दिलं. घाईत, आणि मुलाला वाचवायच्या जोरात.

"कुठं जानार तो? हलदीच्या नवऱ्याला आमी एकला सोरत नाय, सायेब. बाहेर जायचा झाला तरी चार पोरं संगती लागतात."

"मला तेच विचारायचं आहे," मी म्हणालो. "काल संगती कोण कोण होतं?"

माउलीने पदर तोंडाला लावला. शेठ खुर्चीवर बसले. खोलीच्या दारात मुंडावळ्या बांधलेला मुलगा उभा होता. हाताची हळद अजून पिवळीधमक होती.

"मीच चालवत होतो," तो म्हणाला. "बंदराकडे फोटो काढायला निघालो होतो. गाडी भरलेली होती. मी उतरत होतो, साहेब. सगळे बोलले, हळदीच्या अंगानं रगत बघू नये. म्हणून..."

मला संताप आला होता. बाई रस्त्यावर ओरडत होती आणि आत बसलेल्या साऱ्यांना शकुन-अपशकुन सुचत होते.

लग्न मी थांबवलं नाही. नवरीकडच्यांचा काय गुन्हा? नोटीस हातात दिली आणि सकाळी हजर राहायला सांगितलं. तो आला, मित्रांनाही घेऊन आला. त्यांचे जबाब झाले, दोषारोपपत्र त्याच्यावर गेलं. कोर्टातही त्याने गुन्हा नाकारला नाही, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. मावशीच्या पायात सळई बसली. पुढे ती पुन्हा मासळी विकू लागली.

ड्रायव्हरला मी लग्नाच्याच संध्याकाळी सोडलं. खोटी माहिती दिल्याबद्दल त्याच्यावर कारवाई करता आली असती, मी केली नाही. वाटलं होतं, बायको हात जोडेल. ती मुलीला उचलून माझ्यासमोर उभी राहिली.

"तुमी सोडवलं म्हणता. आता राहायचं कुठं, ते बी सांगा."



खरा आरोपी सापडला की काम संपलं असं आम्ही पोलीस मानतो, फाइल बंद करतो. ज्याला आपण सोडवलं, तो ठाण्याच्या पायऱ्या उतरून कुठे जातो, हे फाइलमध्ये नसतं. या प्रकरणानंतर मी ते विचारू लागलो. दरवेळी उत्तर देता आलं नाही, पण विचारल्याशिवाय कुणाला जाऊ दिलं नाही.

निवृत्तीनंतर एकदा उरण रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर थांबलो होतो. एका ट्रेलरमधून कुणीतरी उडी मारून आलं आणि वाकून नमस्कार केला. तोच ड्रायव्हर होता. जरा जाड झाला होता. बंदरावर कंटेनर ओढतो, म्हणाला. भाड्याची खोली आहे, मुलगी शाळेत जाते.

"एवढी मोठी गाडी, त्रास नाही होत?" मी विचारलं.

"नाही साहेब," तो हसला. "बरं वाटतं. आता गाडीत एकटाच असतो. खरंच एकटा."