गरम पाण्याचा नळ

मी सिस्टिम्स इंजिनियर आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, म्हणजे नक्की काय? माझा थोरला भाऊ सांगलीच्या एका कारखान्यात मेकॅनिकल इंजिनियर. तो दर ईदला मला डिवचायचा, "प्लंबर पाइप जोडतो, वायरमन वायरी ओढतो. समद्यांनी आपापलं केल्यावर तुझं काय उरतं गं?"

"त्यांचं एकमेकांशी जुळवणं उरतं," मी चिडून म्हणायचे.

"ही काय वेगळी विद्या झाली व्हय?"

म्हणून रहिमतपूरला घर बांधायचं ठरलं, तेव्हा मी हट्टाने सगळी जुळवाजुळव अंगावर घेतली. अब्बांनी गल्लीभर सांगून टाकलं, "समदं आमची लेक बघतीया." पाण्याची टाकी रस्त्यावरून दिसली तर ध्यान दिसेल, म्हणून मी गवंड्याला तिचा कट्टा बुटका ठेवायला लावला. सोलर हीटरवर शेजारच्या भिंतीची सावली नको, म्हणून त्याचा स्टँड उंच करवून घेतला. मग पुण्यातून फोनवर प्लंबरला पाइप कुठून कुठे न्यायचे ते सांगितलं. टाकी आणि हीटर यांची उंची शेजारी ठेवून पाहायचं काही मला सुचलं नाही.

घरातल्या पहिल्या कुराणखानीला, म्हणजे कुराणपठणाला, ऐन थंडीत पाहुणे जमले. नमाजाआधी हात-पाय-तोंड धुवायला अब्बा म्हाताऱ्या मंडळींना तोऱ्यात नव्या नळापाशी घेऊन गेले. "वजूला गरम पाणी घ्या." नळ नुसता फुसफुसला. टाकी खाली, हीटर वर, पाणी चढणार कसं? म्हातारे मुकाट्याने गार पाण्याकडे वळले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अब्बा लाजेने लाल झाले आणि जेवायला आलेल्या प्लंबरवर घसरले.

"आवं, ताईंनी सांगितलं तसंच जोडलंय," तो म्हणाला. अब्बा ऐकेनात.

कुठेतरी तोंड लपवावं असं वाटत होतं. पण माझं खापर त्याच्या माथी फुटताना बघवेना.

"अब्बा, त्यांचं काम बरोबर हाय. गवंड्याचं, सोलरवाल्याचंपण. चुकलंय ते माझं काम."

भाऊ आता टोमणा मारणार, म्हणून मी मान खाली घातली. तो हळूच म्हणाला, "म्हंजी तुझं काम वेगळं हाय तर."

इतकी वर्षं मला हेच ऐकायचं होतं. अब्बा उठून आत गेले आणि गॅसवर पाण्याचं पातेलं चढवलं.