विहिरीत सोडलेला नारळ

निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. लग्न होऊन मी रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावरून धावड्याला आले आणि दोन महिन्यांतच नारळी पौर्णिमा आली. माहेरी त्या दिवशी सगळं गाव समुद्राला नारळ द्यायला जायचं. इथे राखी बांधली की सण संपायचा. मी सासूबाईंकडे नारळ मागितला.

“इथं समुद्र कुठं हाये? टाकशील कुठं?”

“विहिरीत.”

त्यांनी पोळ्यासाठी आणलेला नारळ काढून दिला. मी हळदकुंकू लावून तो विहिरीत सोडला. दुसऱ्या दिवशी पाणी शेंदताना तो बादलीतून वर आला. आता बोलणी बसणार, असं मला वाटलं. पण सासूबाईंनी विचारलं, “तुमच्याकडं नारळ परत आला तर काय करत्यात?”

“पोरं फोडून खातात.”

“मंग फोड जल्दी.”

मी नारळीभात केला. गोड भात घरात कुणाला फारसा आवडला नाही. सासूबाईंनी मात्र पुन्हा वाढून घेतला आणि समुद्र केवढा असतो, ते विचारलं.