चुलत्याला मारून काढलेले शंभर रन

न्हाई. त्या शंभर रनांचा मला बिलकुल अभिमान न्हाई.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळपासून पोरं फोटो टाकून राह्यलीत, "काका लेजंड". वरून मलाच इचारतात, काकू, त्या दिवशी तुमाला कसं वाटलं?

ऐका मंग.

तव्हा ह्यांची पंचेचाळिशी उलटलेली. पोट सुटलेलं. गुडघ्याला तेल मी चोळायची अन् म्हणायची, आता अंपायर व्हा, उभं राहायचंच काम हाय.

तरी शहागडच्या टूर्नामेंटमधी नाव दिलं. मला न सांगता.

फायनल नेमकी माझ्या भावाच्या लग्नादिवशी.

मी एकुलती बहीण. करवली. कऱ्हा धरायचा मान माझा.

आदल्या दिवशी हे तोंड पाडून घरी आले. म्हणले, शहागडचे चुलते वारले, मला जावं लागतंय.

सासुरवाडीचं लगीन चुकवायला बहाणा पायजे व्हता. पण भावकीतलं माणूस गेलं की सुतक बायकोलाबी लागतं, हे ह्या बहाद्दराच्या ध्यानातच न्हाई आलं.

मी रडले. डोक्यावरून पाणी घेतलं. भावाला निरोप धाडला, सुतक पडलं, येता येत न्हाई.

हे समोरच उभे. सगळं ऐकलं.

पिशवी उचलली अन् गेले.

तिकडं माझ्या भावाचा कऱ्हा दुसऱ्याच पोरीनं धरला.

इकडं ह्यांनी शंभर ठोकले. जलमातले पहिले. त्या मैदानावर एवढ्या वयाच्या माणसानं शंभर मारायची पहिलीच वेळ म्हणे.

दुसऱ्या दिवशी दारात कोण? चुलते. हातात हार अन् पेढे.

"सूनबाई, ह्या वयात नाव काढलं बघ गड्यानं."

मी पदर घेतला, पाया पडले. इचारलं, मामंजी, तुमच्यात आता चहाला साखर चालती का?

ते गेल्यावर ह्यांना म्हणलं, "मी लग्नाला जात न्हाई म्हणले, तव्हा तरी बोलायचं."

"टीम जीपमधी बसल्ती. वाट बघून राह्यली व्हती."

बस. एवढंच.

जलमभर ह्याच गोष्टीवरून चिडवलं त्यांना. सगळे हसायचे, मीबी हसायची. पोटातलं पोटातच राह्यलं.

मालक, जिथं असाल तिथं सुखानं राहा. रामराम घ्या माझा.

भावाला वाटतं, लगीन हुकलं म्हणून मी धुसफुसते. त्याला कधी सांगितलं न्हाई, आज सांगते.

हे मला खरं बोलले असते, तर त्याचं लगीन सोडून मीच मॅच बघायला गेले असते.