ड्रमची शेगडी
सून लोबानासाठी कोळसा पेटवते, तेव्हा त्या वासाने मला आखातातल्या रास अल खैमाचा डोंगर आठवतो. साठच्या दशकातला हिवाळा. मी आणि मामू रस्त्याच्या सर्व्हेला गेलो होतो. आम्ही रत्नागिरीची माणसं, घाम पुसायला शिकलेली. ऊब कशी करायची, कुठून ठाऊक? मामू मेकॅनिक. त्याने तेलाच्या छोट्या ड्रमला भोकं पाडून शेगडी केली, कोळसे भरले, आणि आम्ही पत्र्याच्या केबिनची फट न् फट गोणपाटाने बुजवून झोपलो. फजरला, पहाटेच्या नमाजाला, जाग आली तर डोकं फुटत होतं, पाय उचलेनात. ‘अस्सलाम आलेकुम, मामू.’ झोपेतही सलामाला जवाब देणारा मामू गप्प. हलवलं तर मान लुळी. कोळशाचा वायू कोंडला होता! लाथेने दार उघडलं, त्याला कांबळ्यासकट बाहेर खडकावर ओढलं, गालावर चापट्या मारत कलमा पढत राहिलो. उजाडलं तेव्हा कुठे त्याने डोळे किलकिले केले. ‘अरे, दार लाव,’ तो पुटपुटला, ‘थंडी येते.’ आता अल बर्शातल्या फ्लॅटमध्ये एसी चालू असला, तरी मी खिडकी बोटभर उघडी ठेवतो. ‘दादा, क्लोज द विंडो!’ नातू आतून ओरडतो. ओरड बाळा. तुझा आवाज येतोय तोवर मला बरं वाटतं.