साडेसहाशे किलोची गाडी

शाहूपुरीत दुकानांना आणि दवाखान्यांना पुढून अख्ख्या काचा लावायची टूम निघाली, तेव्हा नव्वदचं दशक सरत आलं होतं. काचा हौसेनं बसवल्या सगळ्यांनी, पण त्या पुसायच्या कुणी, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आक्का, माझी थोरली बहीण, तेव्हा एका दवाखान्यात झाडलोटीला होती. तिथल्या डॉक्टरांनी तिला एक दिवस शिडीवर चढवलं. ती चढली, काचा लख्ख केल्या, आणि खाली उतरते तोच शेजारच्या कापड दुकानदारानं हाक मारली, "मावशी, आमच्या पण पुसणार काय?"

घरी येऊन ती मला म्हणाली, "बी.कॉम. होऊन तीन वर्षं अर्ज खरडत बसलीयास. चल की माझ्यासंगं. झाडलोट सोडतो मी. काचांचंच काम धरूया."

आक्का स्वतःबद्दल बोलताना असंच 'सोडतो', 'जातो' म्हणायची. आमच्याकडच्या बऱ्याच बायका म्हणतात.

सगळ्यात मोठा विरोध बाहेरून नाही, घरातूनच झाला. आमच्या आजोबांनी छप्पन सालानंतर धम्म स्वीकारला, आणि पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात पडलेली गावकीची कामं टाकून दिली. काका शिकून सरकारी कचेरीत कारकून झाले होते. वडील गेल्यावर आम्हा दोघींना त्यांचाच आधार होता. आक्का विधवा होऊन माहेरी आली तेव्हाही ते पाठीशी उभे राहिले होते. पण हे ऐकून ते तडकले.

"आम्ही कशासाठी शिकवलं तुला? फडकं हातात घ्यायला?"

मी म्हटलं, "काका, दुसऱ्यानं हातात दिलेलं फडकं वेगळं आणि मी विकत आणलेलं वेगळं. कुणाच्या काचा पुसायच्या, कधी पुसायच्या आणि काय घ्यायचं, हे मी ठरवणार हाय."

ते महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. आम्हीही काम थांबवलं नाही.

पहिली काही वर्षं सायकल आणि रिक्षावर निघाली. पण काचेच्या कामात खरी अडचण पाण्याची. बऱ्याच इमारतींना बोअरचं पाणी, आणि ते काचेवर वाळलं की पांढरे डाग उठतात. एकदा एका मोठ्या शोरूमची काच दोन तास खपून धुतली, आणि उन्हात ती अशी ठिपक्याठिपक्यांची झाली की मालकानं सगळ्या नोकरांसमोर आमची शोभा केली. त्या दिवशी ठरवलं, पाणी आपलं आपणच न्यायचं, नळाचं.

त्यासाठी भाड्यानं तीनचाकी टेम्पो घेतला. त्यात टाकी ठेवली आणि काठोकाठ भरली. दसरा चौकाजवळच्या वळणावर पाणी एका बाजूला गेलं आणि मागचं एक चाक उचललं. टेम्पो उलटला नाही, पण मागं टाकी धरून बसलेल्या आक्काचा पाय टाकी आणि फळीच्या मधे चेंगरला. सहा आठवडे ती पाय वर करून बसली होती. मला स्वतःचीच चीड आली होती. मी बी.कॉम. झालेली बाई, आणि टाकीत किती पाणी आहे आणि गाडी किती पेलते हे साधं विचारलंसुद्धा नव्हतं.

आक्का बरी होईपर्यंत मी गाडी चालवायला शिकले, लायसन काढलं, आणि स्वतःची गाडी घ्यायचं ठरवलं.

काकांचा राग तोवर निवळला होता. ते स्वतःच एक जुनी पांढरी व्हॅन बघून आले, माणसं बसायची. म्हणाले, "ही घ्या. मागच्या सीट काढल्या की तुमचं सामान बसतंय, आणि परत बसवल्या की लग्नाकार्याला जाता येतंय. बाहेरून कुणाला कळायचं पण न्हाय कसली गाडी हाय ती."

त्यांचं शेवटचं वाक्य मला टोचलं. तरी मी व्हॅन बघितली. टाकी आत बसत होती. पण आरसी बुकावरची भरल्या आणि रिकाम्या गाडीची वजनं वाचून वजाबाकी केली, तर माणसांसकट ती गाडी जेमतेम साडेचारशे किलो उचलणार होती. आणि आमचं सामान किती होतं? ते आम्हालाच माहीत नव्हतं.

म्हणून एका सकाळी हातगाडीवर सगळं लादलं आणि आम्ही मार्केट यार्डात गुळाच्या एका अडत्याकडे गेलो. त्याच्या काचा आम्ही पुसायचो, त्यामुळे काट्याला तो नाही म्हणाला नाही. दोन शिड्या, पंप, पाइपाची वेटोळी, बादल्या, साबणाचे कॅन, रिकामी टाकी, असं एकेक करत सगळं तोललं. पाण्याचा हिशेब सोपा होता, चारशे लिटर म्हणजे चारशे किलो. मग मी आक्काला म्हटलं, "आता तू चढ."

गुळाच्या ढेपांवर बसलेले हमाल हसायला लागले. त्यातला एक ओरडला, "काय पावणं, आज बायकांचा बी सौदा निघतोय व्हय?"

आक्का काट्याच्या मधोमध उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. "व्हय, निघतोय की! अट्ठ्याहत्तर किलो हाय मी. हाय का कुणाच्यात दम पाठीवर घ्यायचा?"

एक म्हातारा हमाल उठला आणि काट्याची पट्टी नीट बघून म्हणाला, "अट्ठ्याहत्तर न्हाय मावशी, ऐंशी हाईस." आक्कासुद्धा मग हसली. माझे बावन्न धरून सगळी बेरीज साडेसहाशेला चार-पाच कमी भरली. ती मी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिली आणि काकांना दाखवली. त्यांनी बघितली, पण व्हॅनचा हट्ट सोडला नाही. "तेवढं चालतंय," म्हणाले, "सगळी दुनिया जादा भरते."

"दुनियेला कोण अडवत न्हाय काका," मी म्हटलं. "आपल्याला पहिल्या नाक्यावर अडवतील."

त्या सुमाराला छोटे चारचाकी टेम्पो नवे नवे आले होते. पुढं दोघांची केबिन, मागं उघडा हौदा. शिरोली नाक्याकडं एक शोरूम होतं, तिथं आम्ही दोघी गेलो. सेल्समन तरुण होता, टाय लावलेला. त्यानं आमच्या मागं बघितलं, कुणी पुरुष आहे का म्हणून. मग विचारलं, "मालक येणार आहेत का?"

"आल्यात," आक्का म्हणाली. "दोन्ही."

मी विचारलं, "पासिंग किती किलोचं?"

"काळजीच करू नका मॅडम. कितीपण भरा. लोक दीड टन भरतात."

"लोक काय भरतात ते न्हाय विचारलं. कागदावर किती आहे?"

त्यानं पुस्तिका शोधून आणली. पाऊण टन होतं. वहीतल्या आकड्यावर शंभरेक किलो शिल्लक राहत होते. मग तो खुलला आणि म्हणाला, मागं पत्र्याची बंद बॉडी बांधून घ्या, सामान चोरीला जाणार नाही. मी विचारलं, तिचं वजन किती? त्याला माहीत नव्हतं. आत जाऊन, फोन करून तो परत आला तेव्हा आवाज खाली आला होता. बॉडीच दीडशे किलोच्या वर जात होती. म्हणजे आम्ही पाणी सोडून पत्रा वाहणार होतो. ती नको म्हणून सांगितली. वर नळ्यांचा सांगाडा आणि ताडपत्री पुरे.

"आता एकच," मी म्हटलं. "टाकी भरून, वाघबिळाच्या चढाला चालवून बघणार. मग घेणार."

नवी गाडी भरून ट्रायलला देत नाहीत, असं त्यानं सांगितलं. मॅनेजर बाहेर आले, त्यांनीही तेच सांगितलं. मी म्हटलं, ठीक आहे, आम्ही बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हातगाडीवर टाकी घेऊन आम्ही शोरूमच्या दारात हजर झालो, आणि सांगितलं, पाणी इथलंच भरू. दुपार झाली. येणारी गिऱ्हाइकं विचारू लागली, ह्या बायका कशाला बसल्यात? आक्का प्रत्येकाला मोठ्या आवाजात सांगायची, "गाडी वजन उचलतीया का न्हाय, ते ह्यांना दाखवायचं न्हाय!"

शेवटी मॅनेजर हसत बाहेर आले. "तुम्ही काचा पुसता ना? मग बसल्या बसल्या आमच्या तेवढ्या पुसून टाका. तोवर बघतो मी काय करायचं ते."

मी उठून उभी राहिले. "साहेब, काम द्यायचं असेल तर कोटेशन मागा. आज आम्ही गिऱ्हाईक म्हणून आलोय."

ते आत गेले. अर्ध्या तासानं ट्रायलची गाडी बाहेर आली.

मी चालवायला बसले, शेजारी आक्काच्या जागी सेल्समन. त्याचं वजन कमी म्हणून आक्कानं मागं वाळूचं एक पोतं टाकलं आणि ती शोरूममध्ये थांबली. वाघबिळाच्या चढाच्या मधोमध मी मुद्दाम गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि परत सोडली. पहिल्यांदा इंजिन बंद पडलं. गाडी हातभर मागं सरकली आणि सेल्समननं दाराची दांडी घट्ट पकडली. दुसऱ्यांदा ॲक्सिलरेटर जास्त दिला, क्लच सावकाश सोडला, आणि ती कण्हत कण्हत चढली. उतरताना मात्र टाकीतल्या पाण्यानं मागून असा धक्का दिला की मला दसरा चौकातलं ते वळण आठवलं. तिथंच ठरवलं, एक मोठी टाकी नको. शंभर-शंभरच्या चार घ्यायच्या, केबिनला चिकटवून आडव्या बांधायच्या.

परत आल्यावर सेल्समननं घाम पुसला आणि म्हणाला, "मॅडम, एवढं कोणच तपासत नाही हो."

"म्हणून तर माणसं उलटतात," मी म्हटलं, आणि कागद मागवले.

गाडीवर काय रंगवायचं यावर काकांशी शेवटचं भांडण झालं. त्यांचं म्हणणं, काहीच नको. मी पेंटरला दोन्ही बाजूंना हातभर अक्षरात 'काच सफाई' लिहायला लावलं. त्यावर काका म्हणाले, "निदान बुद्धपौर्णिमेला तरी विहाराच्या दारात लावू नकोस." मी तिथंच लावली. वस्तीतल्या दोन बायका संध्याकाळी गाडीभोवती फिरून मला विचारत होत्या, शिडीवर चढायची भीती वाटते का. त्यातली एक पुढं आमच्याकडं कामाला आली. काका त्या दिवशी पुढच्या रांगेत बसले होते, मागं वळून बघितलं नाही. पुढंही त्यांनी ह्या धंद्याला कधी चांगलं म्हटलं नाही, आणि मीही ते म्हणतील म्हणून थांबले नाही.

नवी गाडी घेऊन पहिल्यांदा गेलो तो शाहूपुरीतला आक्काचा जुना दवाखाना. पहारेकरी नवा होता. त्यानं हात आडवा केला. "सफाईवाल्यांनी मागच्या बोळातनं यायचं."

"काचा पुढं हायत," आक्का म्हणाली. "आमचा पाइप तीस मीटरचा हाय. मागनं पुरत न्हाय."

"तसं चालत न्हाय मावशी."

मी इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून खिशात टाकली. गाडी तोवर डॉक्टरांच्या मोटारीशेजारी, मुख्य दारासमोर आलेलीच होती. तो कुणाला तरी विचारायला आत गेला. आक्कानं पाइप सोडला, मी शिडी उतरवली, आणि तो परत बाहेर येईपर्यंत वरच्या मजल्याची पहिली काच धुऊन झाली होती.