अक्कांचे डोळे चांगले होते

शाळेच्या ऑफिसात मला कॉम्प्युटरमधलं कळतं असा समज होता. का, तर प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा न फाडता बाहेर काढला होता. तेव्हापासून कुठलंही यंत्र रुसलं की हाक मला.

जळगावच्या त्या ऑफिसात आम्ही तिघं होतो. मोठे बाबू म्हणजे हेडक्लार्क, मी आणि अक्का; शिवाय एक शिपाई. अक्का माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, माहेर-सासर दोन्ही दोंडाईचाकडचं. ऑफिसात सगळे शुद्ध बोलायचे, त्या मात्र बिनधास्त अहिराणीत. टाइपरायटरवर हयात गेलेली ही बाई चाळिशी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकली होती आणि तिला त्याचा अभिमान होता. शाळा सोडल्याचे दाखले त्याच करायच्या.

मे महिन्यात, निकालाच्या कामात, माझा मॉनिटर थरथरायला लागला. अक्षरांना जणू हिवताप भरला होता. मध्येच पडदा काळा व्हायचा, पुन्हा यायचा. मी शोधून काढलं. मॉनिटरपासून कॉम्प्युटरच्या डब्याला जाणारी केबल, निळ्या टोकाची, मानेशी तुटत आली होती. त्या शनिवारी अक्का अर्ध्या दिवसाच्या रजेवर होत्या. मी त्यांची केबल काढून मला लावली, माझी त्यांना. सोमवारी लवकर येऊन पुन्हा बदलू असं ठरवलं होतं.

सोमवारी अक्का माझ्या आधी आल्या.

"भाऊ, हाऊ पडदा हाली राह्यना," पडदा हलत असल्याचं त्यांनी मला दारातच सांगितलं. मोठे बाबू ऐकत होते. शिपाई माठ भरत होता. त्या क्षणी म्हणायचं होतं, अक्का, ती केबल माझी आहे, शनिवारी मीच बदलली. एवढंच. पण मी म्हणालो, "बघतो."

आणि मी बघितलं. जे माहीत आहे ते सोडून बाकी सगळं बघितलं. प्रकाश कमी-जास्त करण्याचं बटण दाबलं. मशीन बंद करून चालू केली. पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो तो आकडा साठचा पंचाहत्तर केला, पुन्हा साठ केला. प्लग दुसऱ्या बोर्डात लावला. अक्का खुर्चीमागे उभ्या राहून शिकत होत्या. "आते काय करं भाऊ?" असं विचारत होत्या, आणि मी खरंच समजावून सांगत होतो. शेवटी मागे हात घातला, केबलच्या मानेवर बोट टेकलं गेलं आणि पडदा पाण्यासारखा स्थिर झाला.

"अरे, थांबलं!" शिपाई ओरडला.

मी बोट उचललं. पुन्हा थरथर.

सगळे माझ्याकडे बघत होते. अक्कांच्या टेबलाला लागून खिडकीत कूलर होता, लाकडाच्या किसाच्या ताट्यांचा, सुरू झाला की टेबलावरची टाचणी नाचायची. मी म्हणालो, "कूलरच्या मोटरमुळे होत असणार." जुन्या, पोटाच्या मॉनिटरना तसं व्हायचं, हे कुठेतरी वाचलं होतं. हा तर चपटा होता. शिपायाने कूलर बंद केला. त्याच वेळी मी केबलखाली घडी घातलेलं पुठ्ठ्याचं खपट सारलं. पडदा थांबला. मोठे बाबू म्हणाले, "बघा, याला म्हणतात डोकं!"

खपट दुपारपर्यंतही टिकलं नाही.

जळगावच्या मे महिन्यात कूलर बंद ठेवायचा म्हणजे काय, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी शर्ट पाठीला चिकटलेले, दाखल्यांवर घामाचे ठसे. पडदा अधूनमधून हालतच होता. मोठे बाबू वही हलवत वारा घेत म्हणाले, "अक्कांच्या डोळ्यांपायी आमचं भरीत झालं हो! आता वरून तेवढी कांद्याची पात टाका." सगळे हसले. मीही हसलो. डोळ्यांची गोष्ट तिथे पहिल्यांदा निघाली. कूलर बंद, तरी पडदा हालतो, म्हणजे दोष बघणाऱ्यात. मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

तिसऱ्या दिवशी अक्काच म्हणाल्या, "थांबी गयं. आते हालत नही. लावा तो कूलर."

मी त्यांच्या पाठीमागून बघितलं. ओळी थरथरत होत्या. त्या पडद्याशी नाक लावून आकडे वाचत होत्या.

आता मी काय दुरुस्त करणार होतो? बिघाडच उरला नव्हता. माझं खोटं झाकायला त्यांनी नकळत त्यांचं खोटं घातलं होतं, आणि दोन्ही मिळून दार असं लागलं की आतून कडी सापडेना. चौकातल्या दुकानात नवी केबल मिळत होती, येता-जाता दिसायची. मी थांबलो नाही. कारण सांगतो, इतक्या वर्षांत स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. मोठे बाबू निवृत्त होणार होते आणि ज्येष्ठतेने ती खुर्ची अक्कांची होती. त्यांचं वाईट व्हावं असं मी कधी मनात आणलं नाही. पण होताना दिसलं, तेव्हा मी हात पुढे केला नाही.

जूनमध्ये एका मुलीचा दाखला परत आला. जन्मसालात दुसऱ्या नवाचा एक झाला होता. मुलीच्या वडिलांनी तो सगळ्यांसमोर अक्कांच्या टेबलावर टाकला. "मॅडम, पोरगी माझी आहे का माझी आजी?" लोक हसले. अक्का चष्मा पुसत राहिल्या. आठवड्याने त्यांनी स्वतःच्या हाताने दोन अर्ज लिहिले. एक, मला जुन्या कागदांच्या खोलीत काम द्यावं. दुसरा, नजर अधू असल्याने पदोन्नती नको. शुद्धलेखन बघायला दोन्ही अर्ज त्यांनी माझ्याकडे दिले. मी एक वेलांटी दुरुस्त केली.

त्यांच्या जागेवर नवीन बाई येणार, त्याच्या आदल्या दिवशी मी नवी केबल आणून लावली. मी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट ती. पडदा शांत झाला आणि पुरावा पक्का झाला. अक्का एकदा बघायला आल्या. नव्या बाईंच्या मागे बराच वेळ उभ्या राहिल्या. "खरंच हालत नही," म्हणाल्या, आणि गेल्या. धुळ्याच्या डॉक्टरांनी डोळ्यांना काही नाही म्हणून सांगितलं, तरी त्यांनी डॉक्टरांवर विश्वास ठेवला नाही.

मोठे बाबू निवृत्त झाले, पुढे वारले. मी मोठा बाबू झालो.

गेल्या महिन्यात दोंडाईचाला त्यांच्या घरी गेलो. सून डाळ निवडत होती. अक्का शेजारी हात मांडीत ठेवून बसल्या होत्या. "माले नही दखात," त्या म्हणाल्या. दिसतं का, असं मी विचारलंही नव्हतं. मग मी शनिवारपासून वेलांटीपर्यंत सगळं सांगितलं. सुनेचे हात थांबले.

अक्का म्हणाल्या, "अठे काय सांगस माले? तठे सांग, जठे बठ्ठा हासनात."

सुनेने चहाचं विचारलं नाही. मी पाणी पिऊन उठलो.

मी तिथे सांगितलं, जिथे सगळे हसले होते. मधल्या सुट्टीत, ऑफिसात. नवीन मंडळींनी ऐकून घेतलं, एकाने विचारलं, "कोण अक्का, सर?" मोठे बाबू नाहीत. तेव्हा "थांबलं" म्हणून ओरडलेला शिपाई तेवढा आहे, यंदा निवृत्त होईल. त्याला बाजूला घेऊन पुन्हा सांगितलं, केबल, खपट, सगळं. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"बरं केलं सांगितलं भाऊ," तो म्हणाला. "पण डोळे तर अधूच होते ना त्यांचे?"

"नव्हते," मी म्हणालो.

"तसं नाही, अर्ज दिलेला होता त्यांनी. मीच नेला होता आत."

"अक्कांचे डोळे चांगले होते."

"असतील," तो म्हणाला, आणि रिकामे कप गोळा करायला लागला.