देवघरातला रिटेनर

माझ्या सासूबाई मंदाबाई यांनी चोपन्नाव्या वर्षी दातांना तारा लावून घेतल्या, आणि त्याला निमित्त झालं माझं लग्न. मांडवात फोटोग्राफर त्यांना म्हणाला, "काकू, तोंड जरा मिटा ना." त्या म्हणाल्या, "मिटलंय." तो बिचारा गोरामोरा झाला. आईंचे (सासूबाईंना मी आई म्हणते) वरचे दोन दात ओठांना जुमानत नसत, त्याला तो तरी काय करणार. त्यानंतरचे सगळे फोटो त्यांनी तोंडाला पदर लावून काढले. आमचा अल्बम बघणाऱ्याला वाटतं, मांडवात कसला तरी वास येत होता.

महिन्याभरात त्या चाफ्याची फुलं विकून साठवलेले स्वतःचे पैसे घेऊन एकट्याच डॉक्टरकडे गेल्या आणि तारा बसवून आल्या. आमच्या वटार गावात दातांच्या तारा शाळेतल्या पोरी लावतात. सासरे, म्हणजे गुरुदत्तबाबा, एवढंच म्हणाले, "आता या वयात कोणाला दाखवायचेत?" दोन वर्षं आईंनी भाकरी कुस्करून खाल्ली, चिंचा सोडल्या, शेंगदाणे सोडले, आणि शेवटी तारा निघाल्या तेव्हा दात असे ओळीत बसले होते की मलाच माझ्या दातांची लाज वाटली. त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर त्या मोठ्याने हसल्या. हात तोंडाकडे निघाला होता, तो त्यांनी अर्ध्यात खाली घेतला. मी नायगावच्या चौदाव्या मजल्यावरून या वाडीत आलेली सून, मला सासू या प्रकाराची धास्तीच होती. पण त्या क्षणी ही बाई मला फार आवडली.

मग आला रिटेनर. खालच्या दातांना डॉक्टरांनी आतून बारीक तार चिकटवली आणि वरच्या दातांसाठी पारदर्शक प्लास्टिकचा साचा दिला. वर्षभर जेवणाखेरीज सतत लावायचा, नंतर रोज झोपताना, आणि तेही आयुष्यभर. नाही लावला तर दात परत आपल्या जागी निघतील. गार पाण्याने धुवायचा, मऊ ब्रशने घासायचा, गरम पाणी अजिबात लावायचं नाही, कागदात गुंडाळून कुठेही ठेवायचा नाही. आईंनी हे एखादं व्रत घ्यावं तसं घेतलं.

अडचण एकच होती, जेवताना तो ठेवायचा कुठे? डॉक्टरांनी डबी दिली होती, पण ती पहिल्याच आठवड्यात पेरूच्या झाडाखाली कुत्र्याने चघळून टाकली. ओट्यावर मुंग्या, खिडकीत कावळे. एका बारशाला त्यांनी तो केळीच्या पानावर मिठाशेजारी ठेवला आणि जेवून सवयीने पान दुमडलं. मग आम्ही दोघी नेसत्या साड्यांनिशी म्हशीच्या पुढ्यातली छप्पन्न पानं उलगडत बसलो. म्हैस आमच्याकडे ज्या नजरेने बघत होती ती मी विसरलेले नाही.

शेवटी आईंनी घरातली सर्वांत सुरक्षित जागा शोधली. आंघोळ केल्याशिवाय जिथे कोणी हात लावत नाही अशी आमच्या घरात एकच फळी आहे. चांदीच्या वाटीत गार पाणी, पाण्यात रिटेनर, आणि वाटी देवघरात, अन्नपूर्णेच्या डाव्या हाताला. बाबांच्या मामेबहिणींनी एकदा त्यातलं पाणी तीर्थ म्हणून घेतलं आणि गोड आहे म्हणाल्या. आम्ही दोघींनी माना डोलावल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आठ महिने सुखात गेले. मग थंडी पडली.

आमचे बाबा धनुर्मासात देवांना ऊन पाण्याने आंघोळ घालतात. देवांनाही थंडी वाजते, हे त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं. पूजेला ते चष्मा लावत नाहीत, कारण चष्मा बाजारातून आलेला. आणि त्या सकाळी आई स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच चहा-पोळी खात होत्या, म्हणजे रिटेनर वाटीत होता. बाबांनी सगळे देव ताम्हणात घेतले, चकाकणारं जे काही होतं तेही घेतलं, आणि बंबातलं कढत पाणी ओतलं. मग सर्वांना पुसून, गंध लावून, जागच्या जागी ठेवलं.

आई येऊन बघतात तर अन्नपूर्णेशेजारी तळलेल्या पापडासारखा मुरडलेला रिटेनर बसला होता. त्यावर गंध होतं, अक्षता होत्या आणि एक जास्वंद होती.

आईंनी तो तोंडात बसवून पाहिला, बसला नाही. मग त्यांनी हात तोंडावर ठेवला. गेले आठ महिने तो हात मी तिथे पाहिला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, नवीन यायला दहा दिवस लागतील. थोडे हलले तरी घाबरू नका. यातलं आईंनी फक्त "हलले" ऐकलं. घरी येताना रिक्षातच त्यांनी उजवा अंगठा वरच्या दोन दातांवर बाहेरून टेकवला आणि दाबून धरला. म्हणाल्या, "लहानपणी अंगठा चोखून पुढे आले, आता अंगठ्यानेच मागे राहतील." डॉक्टरांकडे एवढा साधा उपाय नव्हता.

दहा दिवस त्या तशाच वावरल्या. डाव्या हाताने चाफा काढला. फोनवर नुसत्या हुंकारल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तशाच गेल्या, वाण डाव्या हाताने घेतलं म्हणून दोघींनी नाकं मुरडली, आणि उखाणा अंगठ्यामागून घेतला. एक अक्षर कळलं नाही, टाळ्या मात्र पडल्या. बायकांनी दाढदुखी समजून इतक्या लवंगा दिल्या की अजून मसाल्याला विकत आणलेल्या नाहीत. मला आधी हसू येत होतं. पाचव्या दिवशी त्या आरशासमोर टॉर्च लावून उभ्या दिसल्या, डोळे भरलेले, आणि मला हसायची लाज वाटली.

अकराव्या दिवशी नवीन रिटेनर आला आणि टक करून बसला, दात जागचे हलले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. कारण मला सांगायचंय ते नवव्या दिवसाचं आहे.

त्या दिवशी तांदळाच्या भाकऱ्या करायच्या होत्या आणि भाकरीला दोन्ही हात लागतात. माझ्या भाकऱ्या या घरात कोणी भाकऱ्या मानत नाही. आईंनी बाबांना हाक मारली. "अहो, इकडे या. हात धुऊन या. आणि धरा."

"काय धरू?"

"दात."

बाबांनी तीनदा हात धुतले. मग आईंच्या शेजारी पाटावर बसून, देवाला गंध लावताना धरतात तसा श्वास रोखून, त्यांनी अंगठा बायकोच्या दातांवर टेकवला. आई थापायला लागल्या. त्या डावीकडे झुकल्या की बाबा झुकायचे, त्या तव्याकडे वळल्या की बाबा वळायचे. तीन भाकऱ्या अशा झाल्या.

तेवढ्यात मागच्या दाराने शेजारची रोझलिन केळीची पानं मागायला आली. तिने बघितलं, जरा थांबली आणि म्हणाली, "मंदाबाय, चालू दे तुमचं. मी पानं उद्या नेते."

आईंना हसू फुटलं. अंगठा सटकला, आणि दोन्ही हात पिठात होते म्हणून त्या उघड्या तोंडाने, खांदे गदगदा हलवत हसत राहिल्या. रोझलिनही हसत गेली. बाबा मात्र आईंकडे बघतच राहिले.

मग त्यांनी अंगठा परत जागेवर ठेवला आणि तव्याकडे बघत म्हणाले, "मंदा, खरं सांगू? मला आधीचेही आवडायचे."

आईंचे हात थांबले. मनगटाने त्यांनी बाबांचा अंगठा बाजूला केला.

"मग एकतीस वर्षं तोंडाला कुलूप होतं?"

बाबा हळूच म्हणाले, "तू कधी नीट दाखवलेस कुठे? मी चोरून बघायचो."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. मी उलथनं घ्यायला उठले, पण आईंनी मानेनेच मला बसवलं. पिठाचे हात मांडीवर ठेवून त्या नवऱ्याकडे वळल्या, मान वर केली, आणि म्हणाल्या, "बघा."

आणि बाबांनी खिशातून चष्मा काढून लावला.